कुलपातलं वायफाय

माझ्या जावयाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो. तो चालू लागला की गुराच्या गळ्यातली घंटा वाजल्यासारखं वाटतं. लोकांना बाजूला व्हायला वेळ मिळतो, एवढाच काय तो उपयोग. जावई म्हणून मी त्याला अहोजाहो करते, पण ते तोंडाने. लिहिताना आधीच माझा हात दुखतो, त्यात मानाची अक्षरं कुठे वाढवू? म्हणून इथे अरेतुरेच.

त्याचा धंदा ठोकलेल्या गाड्या बघण्याचा. कुणाची गाडी आपटली की हा जाऊन बघतो, कुठे चेपली, किती चेपली, आणि विमा कंपनीला कळवतो. म्हणजे बघतो हा, कळवते माझी मुलगी. फोटो लावायचे, अहवाल टाइप करायचा, ज्याचं नुकसान झालंय त्याच्या शिव्या फोनवर ऐकायच्या, सगळं तिच्याकडे. सही तेवढी याची. तीही वाकडी.

लाँड्रीच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस. मुलगी, एक म्हातारा कारकून आणि हा. दुपारी मी डबा घेऊन जाते आणि दाराजवळ मटार सोलत बसते, म्हणून सगळं डोळ्यांनी बघितलेलं आहे. मधोमध लोखंडी कपाट. ऑफिसात नवीन काही आलं की ते त्या कपाटात जातं आणि वर कुलूप. पाणी प्यायचे ग्लाससुद्धा आत. टाचणी हवी तर आधी ती कशाला हवी ते सांगायचं, मग हा जुडगा काढणार, किल्ली शोधणार, आणि टाचणी अशी देणार की जणू मुलगी देतोय.

तर झालं असं, की कंपनीने सांगितलं, यापुढे गाडी बघितली त्याच दिवशी अहवाल नेटवरून आला पाहिजे. ऑफिसात तशी सोय आहे का, ते बघायला अधिकारी बाई येणार. नसली तर काम समोरच्या नव्या ऑफिसला. याच्याकडे दुसरं काम नव्हतंच. एवढ्या वर्षांत मुलीने तो धंदा हाताने उभा केलेला, तो रस्त्यापलीकडे जाताना बघायचा म्हणजे काय?

वायफाय बसवणारा आला. म्हणाला, त्याचा डबा मधल्या भिंतीवर उंच लावतो, तिन्ही टेबलांना नीट मिळेल. जावयाच्या अंगावर काटा आला. एवढी वस्तू उघड्यावर? कुणी पिशवीत घालून नेली तर? कपाटात बसवा म्हणाला. तो माणूस म्हणाला, लोखंडातून लहर बाहेर येत नाही.

"अहो, म्हणून तर बिनतारी घेतलं ना," जावई म्हणाला. "तार असती तर अडली असती."

यावर त्या माणसाने एकदा कपाटाकडे बघितलं, एकदा याच्याकडे. दोन्हींत फरक दिसला नसावा. त्याने मागून भोक पाडलं, डबा आत बसवला, सही घेतली आणि चालता झाला. त्याच्या बापाचं काय जातंय.

मग सुरू झाला खेळ. हा काही काढायला कपाट उघडी, की मुलीचा अहवाल धावत सुटे. दार लागलं की तिथेच बसकण. माझ्यासारख्या अडाणी बाईलासुद्धा कळलं. मुलीने सांगून बघितलं. पण बायकोचं ऐकलं तर मिशी गळून पडते. याचं म्हणणं, खालचे लाँड्रीवाले आपलं नेट ओढतात. रोज पासवर्ड बदलायचा, कुणाला सांगायचा नाही, प्रत्येकाच्या मशीनवर स्वतः टाकायचा, तोही हाताचा आडोसा करून, पाटीवरचं गणित लपवणाऱ्या पोरासारखा. पुढे संशय कारकुनावर गेला, आणि त्या म्हाताऱ्याचा फोनही कपाटात गेला.

बाई यायच्या दिवशी मुलगी अगदी काकुळतीला आली. "अहो, आजच्या दिवस तरी दार उघडं ठेवा. काम जाईल हो."

"आणि आतलं त्या बाईला दाखवू?"

आता आत काय होतं ते मला ठाऊक. हा कंपनीत गेला की रिकाम्या हाताने परतत नाही. कंपनीची पेनं, कंपनीचे टॉवेल, कंपनीच्या साहेबाच्या टेबलावरची घंटा, खुर्चीची एक उशीसुद्धा. सगळ्यावर कंपनीचं नाव. चोराच्या मनात चांदणं.

बाई आल्या. शांत होत्या. मुलीच्या शेजारी बसल्या आणि एक अहवाल पाठवून दाखवा म्हणाल्या. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. डबा कुठे आहे, त्यांनी विचारलं.

"कपाटात. एकदम सुरक्षित," जावई म्हणाला.

"मग उघडा की."

"किल्ली घरी राहिली." असं म्हणताना तो मागे सरकला आणि कमरेचा जुडगा खणखणला. बाईंनी तिकडे बघितलं, आणि मुलीला विचारलं, हे अहवाल लिहितं कोण? आजवर असं कुणी विचारलं की माझी मुलगी 'हे' म्हणायची.

त्या दिवशी ती म्हणाली, "मी. सगळे मीच लिहिते."

काम गेलं, ते जायचंच होतं. पण त्याच आठवड्यात समोरच्या ऑफिसातून मुलीला बोलावणं आलं. बाईंनीच नाव सुचवलेलं. ती गेली, आणि तिथे पगारावर बसली.

जावई चार लोकांत सांगतो, कंपनी मीच सोडली. माझ्याकडे मात्र आला होता. "आई, तुम्ही तरी समजवा तिला."

"काय समजावू, जावईबापू?"

"हेच, की तिच्यावाचून माझं ऑफिस चालत नाही."

"मग हे तिलाच सांगा की. घरातच तर असते."

तेवढं एक वाक्य बोलायला त्याला अजून जमलेलं नाही. मुलगी सकाळी रस्ता ओलांडून जाते, आणि हा वरच्या खिडकीतून बघतो. बघू दे. तसं बघायला आता त्याला गाड्या तरी कुठे उरल्यात?