पट्टा धरणारी वहिनी

शूटिंगच्या जागी सगळेच तिला वहिनी म्हणत. कॅमेरा चालवणारे दोघे भाऊ, त्यातल्या थोरल्याची ती बायको. तिचं काम काय ते सांगितलं की लोक आधी हसत. गाण्याच्या व्हिडिओत गायिका गात गात पुढे येते, तेव्हा तिच्यासमोर कॅमेरावाला उलटा चालत असतो. डोळा कॅमेऱ्याला लावलेला, पाठीमागचं काही दिसत नाही. वहिनी वाटेकडे तोंड करून पुढे व्हायची आणि एक हात मागे नेऊन त्याच्या कमरेचा पट्टा धरायची. पट्टा डावीकडे ओढला की डावीकडे वळायचं, दोन हिसके दिले की पायरी आली, मूठ पाठीत रुतली की थांबायचं.

कित्येक वर्षं ती हे नवऱ्यासाठी करत आली. पुढे थोरल्याचा हात थरथरू लागला, आणि कॅमेरा धाकट्याच्या खांद्यावर गेला. थोरला आता मॉनिटरसमोर बसून चित्र बघायचा.

धाकटा घरात वहिनीच्या शब्दाबाहेर नव्हता, पण कामावर त्याला तिचा हात नको होता. तो सारखा मागे वळून बघायचा. आपला एक मित्र पट्टा धरायला आणतो, असं त्यानं थोरल्याला दोनदा सुचवूनही पाहिलं होतं. वहिनीच्या कानावर ते आलं होतं. तेव्हापासून जेवताना त्याच्या ताटात वाढायचं काम तिनं नवऱ्यावर टाकलं.

अशा दिवसांत ते काम आलं. अख्खं गाणं एका शॉटमध्ये, कुठेही न तोडता. जागा म्हणजे बंद पडलेला पोहण्याचा तलाव. कपडे बदलण्याच्या खोल्यांपासून सुरुवात, मग पायऱ्या आणि शेवटी रिकाम्या तलावाच्या काठावरून चालत जायचं. भर म्हणून दिग्दर्शकाला सगळं संथ हवं होतं, केस आणि ओढणी पाण्यात असल्यासारखी तरंगायला हवी होती. त्यासाठी गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, गायिकेनं त्याच वेगानं ओठ हलवायचे. नंतर चित्र निम्म्या वेगानं दाखवलं की ओठ खऱ्या गाण्यावर बरोब्बर बसतात. थोडक्यात, सगळ्यांनी पळायचं, आणि धाकट्यानं उलटं पळायचं.

पहिल्या टेकला कोपऱ्यावर धाकट्यानं मान वळवली. चित्र हललं आणि दिग्दर्शकानं कट म्हटलं. सगळे पुन्हा आपापल्या जागेवर गेले.

वहिनी त्याच्या जवळ गेली. "मागे बघायचं असेल तर मला सोड," ती हळूच म्हणाली. "दोघांनी बघून नाही चालायचं."

धाकट्यानं मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

दुसऱ्या टेकला गाणं चिरक्या आवाजात सुटलं. खोल्या मागे पडल्या. पायऱ्यांवर वहिनीनं दोन हिसके दिले आणि धाकटा न अडखळता उतरला. एकदाही त्यानं मागे पाहिलं नाही. तिच्या मुठीत पट्टा पहिल्यांदाच सैल लागला. तो तिच्याशी झगडत नव्हता.

आता डाव्या हाताला तलावाची खोल बाजू होती. तळाशी नुसत्या कोरड्या फरश्या. नाचणाऱ्या मुली कॅमेऱ्यासमोरून जायच्या, वाकून त्याच्या मागून पळत जायच्या आणि पुन्हा पुढून चित्रात यायच्या, म्हणजे मुली पुष्कळ आहेत असं वाटतं. त्यातल्या एकीचा पाय घसरला. ती नेमकी वहिनीच्या वाटेत आडवी पडली.

वहिनीनं मूठ पाठीत रुतवली. पण धाकटा पळत होता, खांद्यावर कॅमेऱ्याचं ओझं, तो थांबता थांबेना. डावीकडे ओढावं तर तलाव. तिनं पट्टा सोडला, गर्रकन वळून दोन्ही हातांनी त्याची कंबर मिठीत धरली आणि उजवीकडच्या भिंतीशी अंग टाकून दिलं. धाकटा कॅमेऱ्यासकट तिच्या अंगावर कोसळला.

गाणं वाजतच राहिलं. कुणीतरी ते बंद केलं.

"काय केलंस हे? टेक इतका चांगला चालला होता," धाकटा ओरडला. त्यानं आधी लेन्स तपासली, मग मागे पाहिलं. ती मुलगी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती, तलावाची कड तिच्या पायाशी होती. धाकट्यानं कॅमेरा खाली ठेवला. तेवढ्यात थोरला मॉनिटर सोडून धावत आला. बायकोचं उजवं कोपर भलत्याच बाजूला वळलेलं त्यानंच पहिल्यांदा पाहिलं.

इस्पितळात प्लॅस्टर घालेपर्यंत धाकटा दाराबाहेर उभा होता. आत आला तेव्हा म्हणाला, "वहिनी, उरलेल्या कामाला मी नाही म्हणून सांगितलंय."

"वेडा आहेस," ती म्हणाली. "गाण्याचे तुकडे करा म्हणावं त्यांना. ओढणी लेन्सवरून जाते ना, तिच्या आड कट लपतो."

दिग्दर्शकालाही तेच सुचलं होतं. गाणं चार तुकड्यांत झालं, काठावरचा भाग धाकट्याच्या कमरेला दोर बांधून घेतला, आणि बघणाऱ्याला ते सलगच वाटलं. घरी ते लावलं तेव्हा धाकटा काठावरचा भाग यायच्या आत उठून बाहेर गेला.

प्लॅस्टर निघालं, तरी हात पुरता सरळ होईना. वहिनी डाव्या हातानं पट्टा धरू लागली. त्यामुळे तिची उभं राहायची बाजू बदलली, आणि धाकट्याला सगळं नव्यानं शिकावं लागलं. घराच्या गच्चीवर खांद्यावर पाण्याचा कॅन घेऊन तो उलटा चालायचा, चुकायचा, कुरकुरायचा. वहिनी त्याला पुन्हा पहिल्यापासून चालायला लावायची.