आत राहतं कोण

सौदीतल्या हुफूफच्या बाजारात रत्नागिरीकडचा एक खजूरवाला बसतो. खजूर अंगठ्याने दाबून बघतो, गिऱ्हाईकालाही तसंच जोखतो. इजिप्तमधल्या नाईल क्रूझहून परतल्यावर मी त्याला फोटो दाखवले. देवळांची नावं मला आठवत नव्हती, बोटीवरचं जेवण आठवत होतं.

प्रचंड खांबांच्या फोटोवर त्याने अंगठा टेकवला. "डॉक्टरसाहेब, आत राहतं कोण?"

"आता कोणीच नाही."

"मग एवढ्या लांब कशाला गेलात? आमच्या गावी सौदीच्या पगारातून बांधलेले बंगले बघा. असेच खांब, दाराला कुलूप. फक्त आम्ही तिकीट लावलेलं नाही."

मी मोठ्याने हसलो.

खजूर तोलता तोलता त्याने विचारलं, "तुमच्या पुण्यातल्या फ्लॅटची किल्ली कुणाकडे असते?"

वॉचमनकडे. महिन्यातून एकदा तो आत जातो आणि दिवा लावून येतो.