रेषेपासून एक वीत

शुक्रवारी दुपारी आमच्या कॅम्पच्या मेसमध्ये बिर्याणी असते. तिच्यासोबत रायतं नसलं तरी चालतं, पण माझा किस्सा लागतो. "दत्ता, आज पोरांनी काय केलं?" ताट हातात यायच्या आधी प्रश्न! एकदा खरंच काही घडलं नव्हतं, तसं सांगितलं. तर आमचा चिपळूणचा वेल्डर माझ्यावरच उखडला, "मग एवढ्या सकाळी उठून गेला होतास कशाला?"

आता इतके किस्से साठलेत की कुठला आधीचा, कुठला नंतरचा, माझं मलाच कळेनासं झालंय. त्यात मला लहानपणापासून जागेपणी स्वप्नं बघायची खोड. काही गोष्टी घडल्या की नुसत्या मला दिसल्या, याची ग्यारंटी मी देत नाही. ज्याला पटणार नाही त्यानं रायतं खावं.

तर मी दत्ताराम. गाव गुहागरच्या बाजूचं. इथे सौदीत, अबकैकला तेलाच्या प्लांटमध्ये रिगर फोरमन, म्हणजे क्रेननं जड सामान उचलणाऱ्यांचा मुकादम. आणि दर शुक्रवारी सकाळी, सोळा वर्षांखालच्या पोरांच्या रग्बी लीगच्या टीमचा मॅनेजर. हे दुसरं काम मला कुणी दिलं, ते आधी सांगतो.

*

आम्ही कॅम्पवाले वाळूत कबड्डी खेळत होतो. मी त्या वेल्डरचा घोटा धरून त्याला आडवा केला. तेवढ्यात रस्त्यावर एक गाडी थांबली आणि गोरापान, टकला माणूस उतरून म्हणाला, "अगेन!"

हा एली. लेबनॉनचा, प्लांटवर इन्स्पेक्शनला. मला वाटलं, सेफ्टीची काही भानगड झाली. घाबरून मी वेल्डरला परत पाडला. "अगेन!" सहा वेळा पाडला हो! वेल्डरच्या तोंडात इतकी वाळू गेली की त्या दिवशी त्याची बिर्याणी करकरत होती.

मग एली म्हणाला, "माझ्या पोरांना हे शिकव."

"खेळ कुठला?"

"तेरा जण. बॉल घेऊन पळायचं. समोरचे धरून पाडतात."

"पाडल्यावर?"

"उठायचं, बॉल पायानं मागच्याला द्यायचा, परत पळायचं. असं सहा वेळा. तेवढ्यात शेवटच्या रेषेपलीकडे बॉल टेकवला तर पॉइंट, नाहीतर बॉल त्यांचा."

मी म्हटलं, "म्हणजे कबड्डीच की! फक्त हातात अंडं घेऊन."

एलीनं जरा विचार केला आणि म्हणाला, "हे पोरांच्या आयांना सांगू नकोस."

*

आमच्या टीममध्ये एक फहद आहे. सौदी पोरगा, वाऱ्यासारखा पळतो आणि दर वेळी उशिरा येतो. विभागाची टीम निवडायची होती, कोच एलीच. म्हणजे सगळ्या पूर्व भागातून सतरा पोरं, आणि त्यांची मॅच तिकडे लाल समुद्राच्या बाजूच्या टीमशी. त्यासाठी मी सगळ्यांचे फॉर्म भरत होतो. वयाचा पुरावा म्हणून इकाम्याची, म्हणजे इथं राहायच्या परवान्याच्या कार्डाची, कॉपी जोडायची. इंडियन, पाकिस्तानी, फिलिपिनो, सगळ्या पोरांनी दिली. फहद येऊन उभा राहिला.

"माझा इकामा?"

"अरे बाबा, इकामा परदेशातल्या लोकांना. तुझं हे घरच आहे. तुझं दुसरं कार्ड असतं."

त्याचं तोंड एवढंसं झालं. "सगळ्यांना आहे, मलाच का नाही? मी खेळत नाही का?"

एकवीस वर्षं मी त्या कार्डासाठी रांगा लावल्या. स्वप्नातसुद्धा ते हरवलेलं दिसतं आणि दचकून उठतो. ते हट्टानं मागणारा पहिलाच माणूस मी बघत होतो! शेवटी मी एका कोऱ्या कागदावर स्केचपेननं 'इकामा, फहद, अबकैक ग्राउंड' असं लिहून दिलं. त्यानं घडी घालून मोज्यात ठेवलं. आता त्याशिवाय तो मैदानात उतरत नाही.

*

आता सैफचं सांगायला हवं. खरं तर बाकी सगळं सैफच्याच आजूबाजूला घडतं.

सैफ मुश्ताकचा मुलगा. मुश्ताक माझ्या गावचा, माझ्याच कबड्डीच्या टीमचा. काय चढाई करायचा हो! चौघे अंगावर घेऊन, छातीवर सरपटत, बोटाच्या टोकानं मधली रेषा शिवायचा. दम शेवटपर्यंत चालू, "कबड्डी, कबड्डी". पंचानं शिट्टी मारली तरी त्याचा दम सुटायचा नाही. पाठीवर थाप मारून सांगायला लागायचं, "सोड रे मेल्या, लागला हात!"

दीड वर्षापूर्वी मुश्ताकची बदली झाली, थेट जिझानला, देशाच्या दुसऱ्या टोकाला रिफायनरीच्या कामावर. तो तिकडे कॅम्पात एकटा, वहिनी आणि सैफ इथे अबकैकला. जाताना मला म्हणाला, "दत्त्या, पोराकडं बघ." मी बघितलं, आणि अंड्याच्या खेळात घातलं.

मुश्ताकला तो खेळ मोबाइलवर दाखवला, तर पंचाईतच झाली! प्रॅक्टिस चालू, मी कॅमेरा धरलेला, आणि तिकडून हा ओरडतो, "अरे, हा मागं का फेकतो? पुढं दे ना! आपल्या घराण्यात असा पळपुटा कोणी झाला नाही!"

"नियम आहे रे. हातानं बॉल मागंच द्यायचा."

"मागं देऊन पुढं कसा जाणार माणूस?"

सैफनं लांबूनच सांगितलं, "अब्बा, इट्स द रूल!" हे पोरगं इथंच वाढलेलं, इंग्लिश शाळेतलं. आम्ही मराठीत विचारायचं, त्यानं इंग्लिशमध्ये सांगायचं. मराठी कळतं सगळं, पण तोंडातून एक शब्द काढेल तर शप्पथ!

थंडीच्या सुरुवातीला मुश्ताकचा फोन आला. काम संपत आलं, कंपनी काँट्रॅक्ट वाढवत नाही. शाळेचं वर्ष संपलं की तिघांचाही फायनल एक्झिट. म्हणजे सामान बांधून कायमचं गावाला. आणि गावाला कुठली आलीय रग्बी!

मला वाटलं, पोरगं रडेल. पण ते माझ्याजवळ बसून बुटातली वाळू झाडत राहिलं. मग म्हणालं, "अंकल, आय वॉन्ट वन मॅच. इन रीजनल जर्सी. अँड अब्बा शुड सी." बस, एवढंच. मोबाइल सोडला तर बापानं त्याला कधी मैदानावर पाहिलं नव्हतं. मी उगाच किट बॅगची चेन लावत बसलो.

*

निवडीच्या दिवशी सकाळी असं धुकं पडलं की गोलपोस्ट दिसेनात. प्लांटची फ्लेअर, म्हणजे चिमणीवरची गॅसची ज्वाळा, तेवढी वर कुठंतरी नारिंगी दिसत होती, आणि मला वाटलं मी गुहागरच्या किनाऱ्यावर उभा आहे, मचवे परत येतायत. पोरं धुक्यातून यायची आणि धुक्यात जायची. नुसते पायांचे आवाज. इतकं छान वाटत होतं की आपण इथे कशाला आलोय हेच मी विसरलो.

तेवढ्यात धुक्यातून सैफ आला, बॉल काखेत आणि तिघे जण अंगावर. रेषेपासून एक वीत अलीकडे पडला. कोपर जमिनीला टेकलं. आणि मग पडल्या पडल्या त्यानं हात लांब करून बॉल रेषेपलीकडे टेकवला. हुबेहूब मुश्ताक!

मी उड्या मारल्या. एकटाच मारत होतो.

एली येऊन म्हणाला, "दत्ता, हे कुणी शिकवलं?" त्याचा आवाज ऐकूनच मी उतरलो. कबड्डीत धरला तरी रेषेला हात लागेपर्यंत गडी मेलेला नसतो. इथे उलटं. धरून पाडलं आणि बॉलवाला हात जमिनीला टेकला की खलास, तिथेच थांबायचं. त्यानंतर हात पुढे सरकला तर पॉइंट नाहीच, वर बॉल समोरच्यांना. आणि मी दर शुक्रवारी पोराच्या कानात ओरडत होतो, "धरला तरी हात लांब कर!"

फहद निवडला गेला. सैफही, पण सतरावा. शेवटचा राखीव. त्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं.

मग आमची वेगळी प्रॅक्टिस सुरू झाली. मी त्याला धरून पाडायचं, एलीनं "खलास!" म्हणायचं, सैफनं थांबायचं. दहातल्या आठ वेळा हात जायचाच. एली चिडून म्हणाला, "दत्ता, तू दाखव कसं थांबायचं." सैफनं मला पाडलं, एली "खलास" म्हणाला, आणि माझा हात सर्रकन पुढे! जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. वयाची अठ्ठेचाळीस वर्षं, आणि पोरांसमोर ही शोभा!

*

मॅच होती किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत, लाल समुद्राकाठी. आम्ही पहाटे बसनं निघालो. दिवसभर वाळू. पोरं झोपली, एली झोपला. मी खिडकीला डोकं लावून बघत होतो, तर वाळूचा समुद्र झाला, त्यात विजेचे खांब डोलकाठ्यांसारखे चालायला लागले.

दुपारी एका पेट्रोल पंपाशी थांबलो. पोरं मागच्या वाळूत पासिंग करायला लागली. तर कुठून कोण जाणे, एक म्हातारा उंटवाला आला. बॉल नेमका त्याच्या पायाशी गेला. त्यानं उचलला, उलटसुलट केला, कानाला लावून ऐकला. मग एलीला अरबीत काहीतरी विचारलं. एली हसला नाही. त्यानं मला सांगितलं, "विचारतोय, हे कुठल्या पक्ष्याचं?"

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, अजून फुटलेलं नाही, त्यामुळे माहीत नाही."

म्हाताऱ्यानं मान डोलावली. बॉल दोन्ही हातांनी, जपून, सैफच्या हातात दिला. खिशातून मूठभर खजूर काढून सैफला दिले आणि काहीतरी पुटपुटत उंटांकडे गेला. सैफ बसमध्ये उरलेला सगळा वेळ बॉल मांडीवर घेऊन बसला. आणि खरं सांगतो, वळणावर मीसुद्धा ड्रायव्हरला म्हटलं, "जरा हळू घ्या."

*

मॅचच्या दिवशी मुश्ताक जिझानहून रात्रभर बसमध्ये बसून आला. कपडे बदलायलाही सवड नव्हती, कामाचा कव्हरऑल तसाच अंगात. मला मिठी मारली आणि पहिला प्रश्न, "सैफ कुठाय?"

"बाकावर. सतरावा आहे. उतरवतील की नाही, एली जाणे."

त्याचा चेहरा पडला. पण जर्सी घातलेला पोरगा त्याला दिसला. मग म्हणाला, "रुंद झालाय रे खांद्यात."

आम्ही बाजूच्या रेषेलगत उभे राहिलो. समुद्रावरून वारा येत होता, ऊन मऊ झालं होतं. मी मुश्ताकला नियम सांगत होतो आणि तो ऐकत नव्हता. थोडक्यात सांगायचं तर आपण दोन पॉइंटनी मागे, पाच मिनिटं उरलेली, आणि आपला एक पोरगा लंगडत बाहेर आला. एलीनं बाकाकडे बघितलं. एकच उरला होता.

सैफ उतरला.

दोनदा पळाला, दोनदा पडला, उठला. शेवटचं मिनिट. पाचवी खेप, म्हणजे आता एकच शिल्लक. बॉल परत सैफकडे. एक चुकवला, दुसरा चुकवला, मग तिघांनी धरला. तिघांना ओढत निघाला. माझ्या शेजारी मुश्ताकचा श्वास बंद झाला, ओठ हलायला लागले. सैफ पडला. कोपर जमिनीला टेकलं. रेषेपासून एक वीत अलीकडे!

"हात!" मुश्ताक जीव खाऊन ओरडला. "सैफ, हात लांब कर!"

मी डोळे मिटले. शप्पथ, मिटलेच. उघडले तेव्हा हात होता तिथेच होता.

सैफ उठला. बॉल खाली ठेवला आणि पायानं मागे सारला. मागे फहद होता, आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर! त्यानं बॉल उचलला आणि रेषेपलीकडे सूर मारला. शिट्टी! चार पॉइंट, जिंकलो! पोरं एकमेकांवर पडली, एली अरबीत रडायला लागला, मी मुश्ताकला मिठी मारायला वळलो.

मुश्ताक तिथं नव्हता.

तो खाली होता. कव्हरऑलसकट गवतावर पालथा, उजवा हात पुढे ताणलेला, बोटांची टोकं बाजूच्या पांढऱ्या रेषेवर. डोळे गच्च मिटलेले. ओठ अजून हलत होते. "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

सैफ सगळ्यांना सोडून पळत आला. बापाकडे बघत क्षणभर उभा राहिला. मग गुडघ्यावर बसला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

"अब्बा," तो म्हणाला, "सोडा दम. लागला हात."