तपकिरी कागदाखाली

घरीदारी सगळे तिला शंकाताई म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. पर्यावरणपूरक इमारतीत काय काय बिघडू शकतं, ते आधीच हुडकून काढायचं, हेच तिचं काम. गच्चीवरच्या बागेचं ओझं छताला पेलेल का, साठवलेलं पावसाचं पाणी इमारतीच्या पायात तर मुरणार नाही? नव्या इमारतीत शिरल्यावर लोक कौतुकानं वर बघतात. ही आधी कोपरे बघायची. नवरा म्हणायचा, "हिला चहा दिला तरी आधी कप गळतो का ते बघेल."

पाळणाघराच्या इमारतीचं काम आलं तेव्हा मात्र ती बिचकली. आराखडा तिच्या सख्ख्या भावाचा होता.

"दुसऱ्या कुणाला तरी द्या," ती पाळणाघर चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षबाईंना म्हणाली.

"तुम्ही भावालाही सोडणार नाही, म्हणून तर तुम्हीच हव्यात," बाई म्हणाल्या.

दादानं इमारत मन लावून आखली होती. भिंतींच्या आत ऊन अडवायला लाकडाच्या तंतूंचे जाड तक्ते घालायचे, प्लास्टिकचा फोम अजिबात नको, हा त्याचाच हट्ट. आग लागली तर फोम वितळतो, विषारी धूर होतो, आणि आत तर तान्ही मुलं.

पण दादा तिला टाळत होता. काही विचारलं की म्हणायचा, "फोरमनला विचार." शिडी दिसली की पळत चढणारा माणूस आता "तू हो पुढे" म्हणून खालीच थांबायचा. तक्ते पुरवणारा व्यापारी सतत त्याच्या मागेपुढे. भर दुपारी दादा त्याच्या गाडीत बसून जाताना तिनं पाहिलं. विचारलं तर म्हणाला, "मीटिंग होती." त्यातच वहिनीचा फोन आला, "वन्सं, या कामात फार खोदू नका हो. त्यांना त्रास होतो." शंकाताईला नको ती शंका आली. दादा आणि व्यापाऱ्याचं साटंलोटं?

एका दुपारी वरच्या मजल्यावर, विजेच्या बोर्डासाठी भिंत कापली होती तिथे, तिनं हात घातला. बोटाला पांढरे कण चिकटले. तक्त्याला वरून तपकिरी कागद, आत पांढरंशुभ्र. तिनं एक तुकडा तोडला आणि वाळूच्या ढिगावर नेऊन पेटवला. लाकूड असतं तर नुसतं काळं पडलं असतं. हा आक्रसला, थेंब थेंब गळला आणि नाकाला झोंबणारा काळा धूर सुटला.

दुसरा तुकडा घेऊन ती तडक दादाच्या ऑफिसात गेली. "हा माल तू पास केलास?"

"हो."

"डोळ्यांनी बघून?"

दादानं पाण्याच्या ग्लासाकडे हात नेला, तो ग्लासाच्या बाजूला पडला. तिनं ते पाहिलं.

"दादा, तुझे डोळे…"

"मधलं दिसत नाही गं. कडा तेवढ्या दिसतात. गाडी चालवता येईना, म्हणून तो व्यापारी बिचारा डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचा."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगितलं असतं, तर तू मलाच जोखीम म्हणून लिहिलं असतंस."

"लिहिलंच असतं!" ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

तिनं एकेक भिंत उघडायला लावली. खालच्या मजल्यावर अस्सल लाकडाचे तक्ते निघाले. दादाच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्यानंतर आलेला माल तेवढा सगळा फोमचा. व्यापारी म्हणाला, "कारखान्याची चूक असेल, ताई. दादांना मी माणुसकीनं नेत होतो." माणुसकी खरीही असेल. पण दादाला दिसत नाही हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

दादा स्वतः अध्यक्षबाईंकडे गेला आणि सगळं सांगून आला. व्यापाऱ्याला काढलं, वरचा मजला सोलला, उद्घाटन लांबलं. दादाच्या जोडीला एक तरुण आर्किटेक्ट आली. मालाचा नमुना यापुढे एकट्यानं पास करायचा नाही आणि आलेल्या प्रत्येक गाडीतला एक तुकडा साइटवरच जाळून बघायचा, असं शंकाताईनं ठरवून टाकलं. वहिनी बरेच दिवस तिच्याशी बोलली नाही.

पुढे एकदा दरवाजांचं लाकूड उतरवताना दादानं एका फळीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ही ओली आहे, परत पाठवा." फळी खरंच ओली निघाली. शंकाताई त्याच्या अंगठ्याकडे बघतच राहिली.

"दादा, ते तक्ते पास करताना बोटांना कळलं नव्हतं?"

त्यानं ओली फळी बाजूला सारली. "कळून घ्यायचं नव्हतं बहुतेक," एवढंच म्हणाला आणि पुढची फळी चाचपायला लागला.