गोधडीचा दोरा

मला राग आला की मी मशीन जोरात चालवते. त्या दीड वर्षात गावातल्या बायकांच्या झंपरांना मी अशा घट्ट टिपा मारल्या की उसवायची वेळ आली तर कापडच फाटावं. राग एकाच माणसावर होता. पाण्याच्या कामांचे गुत्ते, म्हणजे ठेके, घेणारा, जीपमधून फिरणारा, मिशीला पीळ दिल्याशिवाय एक वाक्य न बोलणारा. इथं मी त्याला गुत्तेदारच म्हणणार. नाव लिहून त्याला मोठं करायची माझी अजिबात इच्छा नाही.

आमचं गाव नळदुर्गाच्या बाजूचं, तलावाच्या काठावर. गावाचं पाणी तलावातल्या जॅकवेलमधून येतं, म्हणजे पाण्यातच बांधलेल्या खोल विहिरीतून. तिची जाळी शेवाळानं तुंबली की कुणालातरी खाली उतरून साफ करावी लागते. माझे मालक, म्हणजे माझे यजमान, पट्टीचे पोहणारे. मालवणकडं दोन महिने राहून, पाठीला हवेची टाकी बांधून पाण्याखाली जायचं रीतसर शिकून आलेले. "हितं प्यायला पाणी न्हाई आन ह्यो बुडायला शिकून आला," म्हणून लोक आधी लई हसले. पण जाळी तुंबली की बोलावणं ह्यांनाच. सामान तेवढं गुत्तेदाराचं.

त्या दिवशी सकाळी गुत्तेदारानं सामान जोडूनच आणलं होतं. मालक म्हणाले, एकदा तपासून घेतो. तर हा म्हणाला, "तपासायचं काय त्यात? गाव पाण्यावाचून बसलंय. उतर." मालक उतरले. आणि थोड्याच वेळात झपाट्यानं वर आले. नाकातोंडात पाणी, डाव्या कानातून रक्त.

मला निरोप आला तेव्हा मी काजं करत होते. तशीच अनवाणी पळाले. मालक काठावर आडवे, शुद्ध असून नसल्यासारखी. आणि हा मेला गुत्तेदार जमलेल्या माणसांना सांगतोय, "काय झालं न्हाई, घाबरला. अर्ध्या पाण्यात तोंडातलं काढून फेकलं आन पळाला वर."

मालकांची मूठ आवळलेली होती. मी ती उघडली. आत माउथपीस होता, दातात धरून ज्यातून श्वास घेतात ते रबर. त्यावर दातांच्या ताज्या खुणा होत्या. ह्यांनी ते फेकलं नव्हतं, ते नळीच्या टोकाला असलेल्या डबीपासून आपोआप सुटलं होतं. जिथं प्लास्टिकची पट्टी आवळलेली असते तिथं तांबड्या दोऱ्याचे दोन कुजके तुकडे लोंबत होते.

दोरा मी बघताक्षणी ओळखला. तो माझ्या दुकानातला होता. गोधडीचा, सुती. दोनेक महिन्यांपूर्वी गुत्तेदार जीप थांबवून म्हणाला होता, "वहिनी, हातभर पक्का दोरा द्या की." मी कशाला म्हणून विचारलं नाही, दातानं तोडून दिला. पाण्यातल्या वस्तूला पाहिजे म्हणाला असता तर नायलॉनचा दिला असता. सुती दोरा ओला राहिला की कुजतो, हे आमच्या धंद्यात लहान पोरीलाही कळतं. ह्यानं पट्टी तुटली म्हणून तो गुंडाळला आणि दर खेपेला सामान ओलंच पोत्यात कोंबून जीपमध्ये टाकलं.

मी रबर पदराला बांधलं आणि गप्प बसले. तोंड उघडलं तर हा म्हणेल, दोरा हिचाच. मग मालक माझ्याकडं बघतील. त्या बघण्याची मला भीती वाटली.

सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं, डावा कान गेला, आता पाण्याखाली जायचं नाव काढू नका. गावानं मालकांना नाव ठेवलं, अर्ध्या पाण्याचा. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, ह्यांना ऐकू जाईल अशा बाजूला येऊन म्हणायचे. माझी तळपायाची आग मस्तकात जायची. पण खरा घाव वेगळाच होता. एकदा मालक दुकानात मला मदत म्हणून बटणं लावता लावता म्हणाले, "मी खरंच घाबरलो असंन गं. मला काय आठवतच न्हाई." रबर तेव्हा माझ्या बॉबिनच्या डब्यात होतं, त्यांच्या हातापासून वीतभर. मी मान खाली घालून पायडल मारत राहिले. आणि माझ्या मनातलं सगळं जहर गुत्तेदाराच्या खात्यावर टाकलं.

ठरवलं, ह्या माणसाला गावापुढं नाक घासायला लावायचं. त्यासाठी सामान कळायला हवं होतं, म्हणून मालकांनाच विचारू लागले. त्या विषयावर तेवढे ते मोकळे बोलायचे. पाण्यातून आलं की सगळं गोड पाण्यात भिजवायचं. आमच्या बोअरचं पाणी नको, त्याचा पांढरा थर बसतो. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासापुरती सोडणारं यंत्र, त्याचं टोपण लावल्याशिवाय पाण्यात घालायचं नाही. वाळवायचं सावलीत. रबरी अंगरखा तारेवर टाकायचा नाही, रुंद हँगरला अडकवायचा, नाहीतर घडीवर चिरतो. हे ऐकून मी म्हटलं, म्हणजे पैठणीसारखंच की. त्या दिवसानंतर मालक पहिल्यांदा हसले. मला मात्र हसू आलं नाही, मी मनात एकेक गोष्ट टाचून ठेवत होते.

पुढं पंचायतीनं ठरवलं, तलावाच्या गावाला स्वतःचा एक संच पाहिजे. आणि गुत्तेदारानं आपला तोच जुना संच विकायला काढला! टायरला लावायचं पॉलिश मारून सगळं रबर चकचकीत करून आणलं. सरपंचबाई माझ्या गिऱ्हाईक. मी त्यांना म्हटलं, "बाई, घ्यायच्या आधी मला बघू द्या. शिवण तरी बघते." त्या हो म्हणाल्या.

पंचायतीच्या ओसरीवर सतरंजी टाकून सामान मांडलं. निम्मं गाव जमलं. मालक येत नव्हते, मी हाताला धरून आणले आणि उजवा कान गुत्तेदाराकडं येईल असे बसवले.

आधी मास्क घेतला, म्हणजे डोळे आणि नाक झाकणारी काच. पट्टा न लावता तोंडावर धरायचा, नाकानं श्वास आत ओढायचा, हात सोडला तरी चिकटून राहिला तर मापाचा. मी गुत्तेदाराला म्हटलं, "भाऊ, तुमीच दाखवा की लावून." त्यानं लावला, हात सोडला, मास्क बदकन मांडीवर पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. दोष मास्कचा नव्हता, त्या पिळाच्या मिशीतून हवा शिरत होती. मला ते ठाऊक होतं. पण मला त्याचं हसं हवं होतं आणि ते झालं.

मग पाण्यात वरखाली होण्यासाठी अंगात घालतात ते हवेचं जाकीट फुगवून ठेवलं. चहा येईपर्यंत ते बसलं. बादलीत दाबलं तर शिवणीतून बुडबुडे. नळी लोखंडी तोटीपाशी वाकवली, पॉलिशखाली भेगाच भेगा. गुत्तेदार घाम पुसत म्हणाला, "वहिनी, झंपर शिवा तुमी. ह्यातलं तुमाला काय कळतंय?"

"मला दोऱ्यातलं कळतंय," मी म्हटलं आणि बॉबिनचा डबा उघडला. रबर हातात धरून सगळ्यांना दाखवलं. "हे त्या दिवशी मालकांच्या मुठीत होतं. ह्याला दोरा कुणी बांधला?"

"मला काय ठाऊक? मी असलं कधी बघितलंबी न्हाई."

तो असंच म्हणणार हे मला माहीत होतं. दीड वर्ष मी ह्याच क्षणाची तालीम केली होती. त्याच्या तोंडून खरं काढायची एकच वाट होती आणि ती माझ्या अंगावरून जात होती. मी म्हटलं, "खरंय, तुमी कशाला बांधाल? असला सडका, भिकार दोरा वापरणारा कोण दळभद्री हाय, तेवढंच बघायचंय."

त्याची मिशी थरथरली. "भिकार? तुमच्याच दुकानातनं नेला होता की! तुमच्या दातानं तोडून दिला, वहिनी! आता मलाच दळभद्री म्हणता?"

सरपंचबाई सावकाश म्हणाल्या, "म्हंजे बांधला तुमीच."

तो घाईघाईनं सामान गोळा करू लागला. मी म्हटलं, "आधी बोला. घाबरला म्हणाला होतात ना? हितंच बोला." त्यानं सतरंजीकडं बघत कसंबसं म्हटलं, "घाबरला नव्हता." मोठ्यानं बोलायला लावलं. तो मोठ्यानं बोलला. मला लई बरं वाटलं, खोटं कशाला सांगू? आजही तो टपरीवर आला की कुणीतरी विचारतं, भाऊ, दोरा हाय का खिशात? आणि मला दर वेळी तितकंच बरं वाटतं. नव्या संचाची निवड पंचायतीनं मालकांवर सोपवली, आणि अर्ध्या पाण्याचा हे नाव त्या दिवसापासून कुणाच्या तोंडी आलं नाही.

घरी येताना मालक एवढंच म्हणाले, "तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"व्हय."

"आन मी घाबरलो असंन म्हणायचो, तवा रबर डब्यात होतं."

"व्हय," मी म्हटलं.

आम्ही दोघं भिंतीला पाठ लावून शेजारी शेजारी जेवतो. त्या दिवसापासून मालक ताट घेऊन माझ्या उजवीकडं बसू लागले, बहिरा कान माझ्या बाजूला. मी बोलतच राहिले. दोऱ्याचं सांगितलं, भीतीचं सांगितलं, रडले, भांडलेसुद्धा. ते समोर बघून जेवायचे आणि ताट धुवायला उठायचे. आठ दिवस हेच चाललं.

नवव्या दिवशी त्यांनी वाढलेलं ताट उचललं, माझ्या डावीकडं येऊन बसले आणि चांगला कान माझ्याकडं करून म्हणाले, "हं. बोल आता."

आणि मला एक शब्द सुचेना.