मुलगा आहे, थांबू दे

जूनमध्ये मुलगा, सून आणि चार वर्षांचा नातू अमेरिकेहून आले, ऑगस्टपर्यंत राहायला. मुलाच्या लॅपटॉपमध्ये तिथल्या बालवर्गाचा एक फॉर्म होता. त्यात दोनच चौकटी: मूल यंदा येणार, की पुढच्या वर्षी. उत्तर जुलैअखेर पाठवायचं होतं.

"यात विचार कसला करायचा?" मी म्हटलं. "चार पूर्ण झालीत ना त्याला?"

"आई," मुलगा म्हणाला, "तिकडे बरेच लोक मुलग्यांना वर्षभर उशिरा घालतात. मुली वर्गात पटकन रुळतात. मुलगे दोन मिनिटं एका जागी बसत नाहीत, मग मागे पडतात."

एवढा श्रीमंत देश, आणि चार वर्षांचं पोर बसत नाही म्हणून यांची झोप उडालेली. मी नारायण पेठेतल्या बालवाडीत एकतीस वर्षं शिकवलं. मुलगे बसत नाहीत हे कळायला मला पहिला अर्धा तास पुरला होता. हे सगळं ऐकवणारच होते, तेवढ्यात तो म्हणाला, "थांबवलं तर आम्हाला वर्षभर इथेच राहता येईल. इथल्या ऑफिसातून काम करायची परवानगी मिळतेय."

मी आत जाऊन शिरा करायला घेतला.

अख्खं वर्ष! गणपती, दिवाळी, संक्रांतीचा हलवा, आणि रोज सकाळी उठल्या उठल्या हे ध्यान समोर. खोटं कशाला बोलू, मला ते हवं होतं. हट्टी पोराला खेळणं हवं असतं तसं हवं होतं.

तोवर पोराला घरात कोंडून काय करायचं, म्हणून मी त्याला माझ्याच जुन्या बालवाडीत नेलं. हल्लीच्या बाई माझ्या हाताखाली तयार झालेल्या. "दोनच महिने ना? येऊ दे," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे दोन दिवसांत पळालेलेही आहेत."

नातवाच्या पायाला भिंगरी. पहिल्या दिवशी गोष्ट चालू असताना तो खिडकीत चढला, दुसऱ्या दिवशी खेळण्यांच्या कपाटात जाऊन बसला. तिसऱ्या दिवशी बाईंनी मला दारातच गाठलं. "प्रगती आहे. आज खुर्चीवर बसला. माझ्या."

मी घरी येऊन चेहरा पाडून सांगायचे, "नाही रे, आजही नाही बसला." चेहरा पाडायला फार कष्ट पडायचे, कारण मनात उकळ्या फुटत असायच्या. सून मात्र माझ्याकडे जरा निरखून बघायची. ती हुशार आहे.

बालवाडीत दर जुलैला मुलांची भाजी मंडई भरते. प्रत्येकाने एक भाजी आणायची, जमिनीवर गोणपाट अंथरून वाटे लावायचे, आणि आईबाबांनी पिशव्या घेऊन गिऱ्हाईक म्हणून यायचं. पैशांच्या जागी चिंचोके. आदल्या दिवशी मी नातवाला घेऊन खऱ्या मंडईत गेले. सवयीने एक टोमॅटो उचलून बघितला, तर गाळ्यावरच्या बाई म्हणाल्या, "आजी, दाबू नका. दाबायचे तर विकत घ्या आणि घरी जाऊन दाबा."

चाळीस वर्षं मी त्या मंडईत जाते. मुकाट्याने टोमॅटो ठेवला. नातू त्या बाईंकडे बघतच राहिला, आणि मग त्याला टोमॅटोच हवे झाले.

दुसऱ्या दिवशी तो आपल्या गोणपाटावर मांडी घालून बसला. तीन-तीनचे वाटे लावले, मोडले, परत लावले. शेजारच्या कोथिंबीरवालीला शूला जायचं होतं, तर तिचंही दुकान सांभाळलं. तासभर हलला नाही. मग त्याचा बाबा आला आणि त्याने एक टोमॅटो उचलला.

"बाबा, दाबू नका. घरी जाऊन दाबा."

सगळा वर्ग हसला. नातू नाही हसला, त्याला धंदा बघायचा होता. मुलाने निमूटपणे दोन वाटे घेतले.

"बसला की," बाई माझ्या कानाशी म्हणाल्या. "कशासाठी बसायचं ते कळलं की बसतात. तुम्हीच शिकवलंय मला."

मला इतका आनंद झाला की पदराने डोळे पुसावे लागले. आणि तिथेच लक्षातही आलं, की आता चेहरा पाडून सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी त्याच टोमॅटोंचं सार केलं. जेवण झाल्यावर सून पोराला घेऊन गच्चीवर गेली आणि मुलाने टेबलावर लॅपटॉप उघडला.

"तरी थांबवू या, आई," तो म्हणाला. "एका तासाच्या मंडईवर काय ठरवणार? तू मलाही वर्षभर उशिरा घातलंस. तू तर बालवाडीची बाई. काहीतरी बघूनच थांबवलं असशील ना?"

नुसती मान डोलावली असती तरी चाललं असतं. अख्खं वर्ष माझं झालं असतं.

"तेव्हा मी बाई नव्हते," मी म्हटलं. "तुझं नाव घातलं होतं. दप्तर आणलं होतं, ते पाठीला लावूनच तू जेवलास. सकाळी माझ्या आधी तूच दारात उभा. आणि मला तुला सोडवेना. मग सगळ्यांना सांगत सुटले, मुलगा आहे, कच्चा आहे, थांबू दे एक वर्ष. पुढच्या वर्षी तुला घातलं आणि मीही तिथेच नोकरी धरली."

"वर्गात मीच सगळ्यांत मोठा असायचो," तो म्हणाला. "मला वाटायचं, मी ढ आहे म्हणून ठेवलं मागे."

"कधीपर्यंत वाटायचं?"

"आत्तापर्यंत."

एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना शाबासकी दिली मी, आणि घरातलं पोर हे मनात घेऊन चाळिशीला आलं होतं. मी त्याचा हात धरला. "तू ढ नव्हतास रे. तू तयार होतास. माझीच तयारी नव्हती."

"हे जरा दहावीच्या आधी सांगायचं," तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसायला लागलो. हसता हसता त्याचे डोळे भरले, माझे तर केव्हाच भरले होते.

मग त्याने लॅपटॉप जवळ ओढला, एका चौकटीवर खूण केली आणि पडदा माझ्याकडे वळवला. "वाच एकदा, आई. पाठवू का?"

मी चष्मा पुसून वाचलं. यंदा येणार.

"पाठव," मी म्हटलं.