हळू झालेले हात

मी आज जो काही आहे तो कमलअक्कामुळे. ती माझी थोरली बहीण. जन्मापासून तिला ऐकू येत नाही. लातूरच्या मूकबधिर शाळेत ती वाचायला, लिहायला आणि शिवायला शिकली. पुढे आमच्या गावी, भोकरला, तिची शिलाई मशीन चालली, म्हणून मी लातूरला शिकून इंजिनिअर झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर.

चीनमधल्या नोकरीसाठी निघालो तेव्हा नांदेड स्टेशनवर सगळे आले होते. डब्याची काच बंद होती. आई काहीतरी ओरडत होती, ते कळेना. अक्काचं मात्र शेवटपर्यंत कळलं. भराभर हात हलवत ती सांगत होती, "तिकडं बेडूक खाल्लास तर घरात घेणार न्हाई." मी रडता रडता हसलो.

इथे आल्यावर समजलं, आपल्याकडचं व्हिडिओ कॉलचं ॲप इथे बंद आणि इथलं आपल्याकडे बंद. साधा फोन लागायचा. आई म्हणायची, "मला तुझा आवाज आला रं बाबा, पर हिला काय उपेग? नुसती फोनकडं बघून राहिली. तोंड दाव की."

शेवटी एका सहकाऱ्याने माझ्या डेस्कटॉपवर प्रॉक्सीचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. ते आपला कॉल दुसऱ्या देशातल्या कॉम्प्युटरवरून वळवून नेतं, म्हणून बंद असलेलं ॲपही उघडतं. हे नियमात बसत नाही हे मला माहीत होतं. दार लावून घ्यायचो.

अक्का दिसली, पण चित्र सारखं अडकायचं. तिची बोटं हवेत थांबायची आणि तोवर पुढचं वाक्य निघून गेलेलं असायचं. मग तिने आपणहून वेग कमी केला. एक खूण करायची आणि चित्र सरकेपर्यंत तशीच धरून ठेवायची. जेवलास का? झोप होते का? थट्टा मात्र बंद झाली. थट्टा अशी थांबून थांबून कुठे करता येते?

कंपनीने नोकरीची मुदत वाढवायचा कागद पुढे केला, तेव्हा मी तिला विचारलं. तिने सावकाश सही केल्यासारखी बोटं फिरवली. हसत होती. चित्र तिथेच थांबलं. त्यानंतर सॉफ्टवेअर जोडलंच गेलं नाही. "नवीन येईल, थोडं थांब," सहकारी म्हणाला. मी पोस्टाने पत्र टाकलं.

"अक्का,

तू सही कर म्हणालीस. मी केली नाही. परत येऊन नांदेडला नोकरी धरतो. पगार कमी मिळेल, पण दर रविवारी भोकरला येता येईल. आईला वाटेल इथे काही बिनसलं. तसं काही नाही, माणसं चांगली आहेत, तूच तिला समजाव. पण तू माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तशी जपून बोलायला लागलीस, ते मला सोसत नाही. तू घाईघाईने माझ्यावर चिडतेस तेच माझं घर, एवढं मला इथे कळलं. मी दारात आलो की पाणी विचारू नकोस. आधी भांड. दोन्ही हातांनी."